सी ड्राइव्हमध्ये काय होतं

हार्ड डिस्क नेहमीच एकाएकी मरते असं नाही. माझी तरी मेली नाही. आधी फाइल उघडायला वेळ लागू लागला. मग सेव्ह करताना पानं मांडायचा पेजमेकर मध्येच थिजायचा, खिडकी पांढरी पडायची आणि थोड्या वेळाने परत जागी व्हायची. त्या थिजण्याच्या वेळी सीपीयूच्या डब्यातून बारीक, एकसारखी टकटक ऐकू यायची. तो आवाज मला ऐकू येत होता, त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही. व्हायरस असेल असं धरून मी अँटिव्हायरस बदलला.

मी घरून डीटीपी करते. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, क्वचित एखाद्या दिवाळी अंकाची पानं. संगणक २००९ साली जुळवून घेतलेला होता : कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क. डिस्कचे दोन भाग केलेले होते. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामं. जुळवून देणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं की विंडोज बिघडली तर सी फॉरमॅट मारायचा, डीला हात लावायचा नाही. सी यंत्राचा, डी माझा, अशी वाटणी माझ्या डोक्यात पक्की बसली ती तेव्हापासून. पुढच्या बहुतेक चुका या वाटणीतूनच झाल्या.

बॅकअप नव्हता, हेही सांगायला हवं. बाहेरून जोडायची डिस्क घ्यायचं २०११ मध्ये ठरवलं होतं. त्याच सुमारास थायलंडमध्ये महापूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्कचे भाव चढले. आपल्याकडेही चढले. थोडं थांबू म्हटलं. पुढे भाव उतरले तरी मी थांबलेलीच राहिले. काही जुनी कामं डीव्हीडीवर लिहून ठेवली होती, पण चालू कामाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

संगणक हळू झाला की डीफ्रॅगमेंट करायचं हे मी ऐकून होते. फाइलींचे विखुरलेले तुकडे गोळा करून सलग लावायचे, म्हणजे वाचन वेगाने होतं. चांगल्या डिस्कसाठी हे ठीक आहे. आजारी डिस्कला मात्र त्यात असंख्य तुकडे वाचावे लागतात, उचलावे लागतात आणि दुसरीकडे लिहावे लागतात. माझी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी होती. तिच्यातलं वाचणारं हेड तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर उंचीवरून फिरतं. तबकडीचा पृष्ठभाग एखाद्या जागी खराब झाला असेल, तर त्या जागेवरून हेडला वारंवार न्यावं हे सगळ्यात वाईट. मी रात्री डीफ्रॅग लावून झोपले. सकाळी ते अर्ध्यावरच अडकलेलं होतं आणि टकटक वाढली होती.

त्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून डिस्कची प्रकृती दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात पिवळी खूण आली आणि 'प्रलंबित सेक्टर' या ओळीपुढे शून्याऐवजी आकडा दिसला. प्रलंबित सेक्टर म्हणजे काय हे मला आज कळतं. डिस्कला एखादा तुकडा वाचता आला नाही, तर ती लगेच तो बाद करत नाही, कारण बाद केला तर त्यातली माहिती कायमची गेली. तो नोंदवून ठेवते आणि वाट पाहते. पुढे कधी तरी तो वाचता आला तर बरंच. त्या जागी नवं काही लिहायची वेळ आली, तर लिहून पाहते, नाही जमलं तर राखीव जागेतला तुकडा त्याच्या बदली वापरते. म्हणजे तो आकडा सांगत होता की इथली माहिती धोक्यात आहे, पण अजून गेलेली नाही. त्याच क्षणी संगणक बंद करून डिस्कची प्रत काढायला हवी होती.

मी त्याऐवजी डी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवली, तीही खराब सेक्टर शोधणारी, सगळ्यात खोल जाणारी. नाव 'तपासणी'चं असल्यामुळे ती नुसती तपासेल असं मला वाटलं. ती दुरुस्तीही करते. तिच्या दृष्टीने दुरुस्ती म्हणजे ड्राइव्ह पुन्हा सुसंगत करणं. माझं लेखन वाचवणं हे तिचं काम नव्हे. फाइलीचा जो तुकडा वाचता येत नाही, तो ती खराब म्हणून बाजूला काढते आणि फाइलीला त्या ठिकाणी दुसरी, कोरी जागा जोडून देते. फाइलीचं नाव तेच राहतं, आकार तोच राहतो, आत मात्र भोक पडलेलं असतं. पडद्यावर ओळी सरकत होत्या, अमुक फाइलीतले खराब क्लस्टर बदलले, तमुक फाइलीतले बदलले. मी ते वाचत होते आणि मला बरं वाटत होतं, कारण काहीतरी नीट होतंय असं दिसत होतं.

त्या फाइलींमध्ये एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींच्या पुस्तकातलं एक प्रकरण होतं.

दुसऱ्या दिवशी ते उघडेना. पेजमेकर एक चूक दाखवून बंद व्हायचा. तेव्हा मी भाच्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, आधी बंद कर. आता काहीही चालवू नकोस." संध्याकाळी तो पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन आला, सोबत १ टीबीची नवी हार्ड डिस्क. डीडीरेस्क्यू नावाचा एक प्रोग्राम त्याने लावला. या प्रोग्रामची रीत मला फार शहाणपणाची वाटली. तो पहिल्या फेरीत वाचता येईल तेवढं सगळं भराभर उचलतो, जिथे अडकेल ती जागा सोडून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत लिहीत राहतो. बहुतेक माहिती सुरक्षित झाल्यावरच तो मागे येऊन अवघड जागा कडेकडेने खरवडतो. मध्येच बंद पडला तरी नकाशावरून पुढे सुरू करता येतो. मी नेमकं उलट केलं होतं. सगळ्यात खराब जागांवर आधी जोर लावला होता, आणि तोही हातात प्रत नसताना.

भाच्याने विचारलं होतं, "सीपण घेऊ का?" मी म्हटलं, नको, तिथे फक्त विंडोज आहे, उगाच रात्र जाईल. तो एकदा म्हणाला की जागा भरपूर आहे, घेऊन ठेवू. मी ठामपणे नको म्हटलं. डी आला की माझं सगळं आलं, अशी माझी खात्री होती.

विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी घेतली आणि कामांसाठी ती १ टीबीची. एसएसडीत फिरणारं काही नसतं. जुन्या डिस्कला हवा तो तुकडा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागे, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद, शिवाय हेड हलवण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत ही वाटच पाहावी लागत नाही. माझ्या जुन्या मदरबोर्डचा साटा पोर्ट जुन्या पिढीचा होता, एसएसडीचा पूर्ण वेग त्याला झेपत नव्हता, तरी संगणक नव्यासारखा झाला. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक साटा केबल आणि लहान डिस्क बसवायची पट्टी आणली, स्टार स्क्रू ड्रायव्हरने बसवली, विंडोज टाकली. हे काम मी स्वतः केलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. जुनी डिस्क आतच जोडलेली राहू दिली, काही राहिलं असेल तर बघता येईल म्हणून.

मग जुन्या डिस्कवरचा सी रिकामा करावा असं मनात आलं. जुनी विंडोज कशाला ठेवायची? फॉरमॅट मारताना 'जलद फॉरमॅट'ची खूण मी मुद्दाम काढली, काम नीट व्हावं म्हणून. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे त्या भागावर आरंभापासून अंतापर्यंत शून्यं लिहिणं. जलद फॉरमॅट मारला असता तर आतलं बरंचसं परत काढता आलं असतं. शून्यांखालून काही निघत नाही.

गंमत अशी की फॉरमॅटनंतर डिस्कची प्रकृती तपासली, तर प्रलंबित सेक्टरांचा आकडा खाली आलेला. डिस्क सुधारली, असा मी अर्थ घेतला. वास्तविक शून्यं लिहिली गेल्यामुळे डिस्कला त्या जागांचा निकाल लावता आला होता आणि तिने राखीव तुकडे वापरून टाकले होते. बदललेल्या सेक्टरांचा आकडा वर गेला होता, तोही त्याच पडद्यावर होता. मी फक्त खाली आलेला आकडा पाहिला.

फॉन्ट गेले हे मला पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं. पेजमेकरने न सापडलेल्या फॉन्टांची यादी दाखवली आणि त्यांच्या बदली कुठले वापरू असं विचारलं. पुढे गेले तर पानभर इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्या काळातलं आमचं सगळं मराठी काम जुन्या फॉन्टांमध्ये आहे, आणि ते फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याची वेलांटी. फाइलीत मजकूर म्हणून साठवलेले असतात ते नुसते क्रमांक. तो नेमका फॉन्ट नसेल, तर त्या क्रमांकांचं मराठी होत नाही.

मूळ सॉफ्टवेअरची सीडी माझ्याकडे होती, डोंगलही होतं. त्यातले फॉन्ट परत बसले. पण इतक्या वर्षांत कुणी प्रकाशकाने आपल्या पुस्तकांसाठी दिलेले, कुणा चित्रकाराने शीर्षकासाठी पाठवलेले, एखाद्या छापखान्याने पेनड्राइव्हवर आणून टाकलेले असे फॉन्ट मी बसवत गेले होते. ते विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात जाऊन बसत होते, म्हणजे सीमध्ये. मी तो फोल्डर कधी उघडूनही पाहिला नव्हता. माझ्या कामाचा अर्धा भाग तिथे राहत होता आणि मी त्याला यंत्राचा म्हणत होते. शब्दांची शुद्धलेखनाची यादी, जी मी वर्षानुवर्षं एकेक शब्द घालून वाढवली होती, तीही सीमध्येच होती. ग्राहकांच्या मेल साठवणारी फाइलसुद्धा.

मग फोनाफोनी. एका प्रकाशकांनी लगेच फॉन्ट पाठवले. एक छापखाना बंद झाला होता. एका ठिकाणी सांगितलं, आम्ही युनिकोडवर गेलो, जुनं सगळं काढून टाकलं. माझ्याबरोबर पूर्वी काम केलेल्या एका मैत्रिणीकडे बरेचसे निघाले, कारण तिने संगणक बदलताना फॉन्टांचं फोल्डर वेगळं उचललं होतं. काही फॉन्ट मात्र आजही मिळालेले नाहीत. ज्या पुस्तकांत ते वापरले, ती छापील रूपात आहेत, पण त्यांच्या फाइली मला वाचता येत नाहीत.

ड्राइव्हच्या अक्षराची गोष्ट थोडक्यात सांगते. नव्या मांडणीत डी हे अक्षर डीव्हीडी ड्राइव्हला गेलं आणि माझी कामं ई झाली. पेजमेकर मोठी छायाचित्रं फाइलीत घेत नाही, ती कुठे ठेवली आहेत तो पत्ता लक्षात ठेवतो आणि पानावर एक ढोबळ प्रतिमा दाखवतो. सगळे पत्ते डीचे होते. एका स्मरणिकेची फाइल उघडताना त्याने छायाचित्रं सापडत नाहीत असं सांगितलं, मी 'सगळ्यांकडे दुर्लक्ष करा' असं बटण दाबलं, कारण पानावर छायाचित्रं तर दिसत होती. छापून आली ती फुटलेली. एक फर्मा पुन्हा छापावा लागला. त्याचा खर्च मी दिला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर बदलायला दोन मिनिटं लागतात.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक ओळ, विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही अशा अर्थाची. एसएसडी गेली असं मीच ठरवून टाकलं. कुणाला न विचारता दुसरी एसएसडी घेऊन आले. भाचा आला तेव्हा उलगडा झाला. मी विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली होती. विंडोज सातला सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइली एका छोट्याशा, शंभर एमबीच्या, एरवी न दिसणाऱ्या राखीव भागात राहतात, आणि जुन्या डिस्कवर तो भाग आधीच असल्यामुळे नव्या विंडोजने तोच वापरला. म्हणजे एवढे दिवस माझा नवा संगणक रोज सुरू होत होता तो त्या मरणाऱ्या डिस्कच्या आधारावर. त्या सकाळी ती फिरायची थांबली होती. एसएसडी ठणठणीत होती. भाच्याने विंडोजच्या डीव्हीडीवरून त्या फाइली एसएसडीवर तयार करून दिल्या. जुनी डिस्क काढल्यावर जागा रिकामी दिसली, तेव्हा मला वाटलं, विंडोज टाकण्याआधी तिची एक केबल काढली असती तर एवढंच पुरेसं होतं.

पण ज्या चुकीबद्दल मला अजूनही वाईट वाटतं, ती संगणकाची नाही.

गुरुजींनी आपल्या गावाच्या आठवणी लिहिल्या होत्या. वहीत, सुंदर अक्षरात. त्यातलं एक प्रकरण १९७२च्या दुष्काळाचं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायका, मिळणारी सुकडी, रेशनवर आलेली मिलो ज्वारी. पहिलं प्रूफ त्यांनी तपासून दिलं. त्यानंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, त्या बायकांची नावं घालायची राहून गेली, लिहून घेता का? मी फोन कानाशी धरून त्यांनी सांगितलेली नावं थेट फाइलीत टाइप केली. कागदावर घेतली नाहीत. त्या फाइलीला चेकडिस्कने भोक पाडलं.

मी गुरुजींना हे सांगितलं नाही. आमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे, थोडा उशीर होईल, असं सांगितलं. ते म्हणाले, सावकाश होऊ द्या. मी पहिल्या प्रुफावरून ते प्रकरण परत टाइप केलं. त्यांच्या अमृतमहोत्सवाला पुस्तक हवं होतं, घाई होती. नावं माझ्या लक्षात होती असं मला वाटत होतं, पण टाइप करायला बसले तेव्हा एकदोनच आठवली. अर्धवट यादी घालण्यापेक्षा मुळीच नको असं ठरवून मी परिच्छेद पहिल्या प्रुफासारखाच ठेवला. त्यांना विचारलं असतं तर एका फोनमध्ये काम झालं असतं. पण विचारलं असतं तर नावं का गेली हे सांगावं लागलं असतं. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी त्यांचा मजकूर गाळला.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी ते पान उघडून विचारलं, "ताई, ती नावं?" तेव्हा सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मला तेव्हा सांगायला हवं होतं, तेव्हा माझ्या तोंडावर होती सगळी. मग आठवून आठवून त्यांनी परत सांगितली, मी या वेळी आधी वहीत लिहून घेतली आणि त्यांना वाचून दाखवली. काही नावांपाशी ते थांबले. एक बाई होती, तिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, गावात तिला तिसऱ्याच नावाने हाक मारत, त्यातलं कुठलं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं हे त्यांनाही आठवेना आणि मलाही. मी माझ्या खर्चाने शुद्धिपत्राची चिठ्ठी छापली आणि उरलेल्या प्रतींमध्ये चिकटवली. वाटून झालेल्या प्रती बऱ्याच होत्या.

आता गुरुजींना दुसरी आवृत्ती काढायची आहे. ती मी पेजमेकरमध्ये करत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करते आहे, म्हणजे फॉन्ट गेला तरी दुसऱ्या फॉन्टात मराठी मराठीच राहील. फॉन्टांचं फोल्डर आणि शब्दांची यादी दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर जाते, आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवते. टाइप करायला सुरुवात मी दुष्काळाच्या प्रकरणापासून केली. प्रूफ छापून गुरुजींकडे गेलं आहे. न आठवलेल्या नावांपुढे मी रिकामी जागा सोडली आहे, आणि त्यांच्या पुतण्याने ती यादी घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला सुरुवात केली आहे.